मुक्तीनंतरचे पान

हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीवर मराठीत जे लिहिले गेले, ते वाचताना एक गोष्ट मनात सलत राहते. त्या लेखनातला काळ बहुधा १७ सप्टेंबर १९४८ या दिवशी थांबतो. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, तेथे शिकवता शिकवता संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झालेले व्यंकटेश खेडगीकर, रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवरचे कँप, १३ सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गावर आलेली फौज : सारे कसे रसरशीत उतरते. मग निजाम शरण येतो, तिरंगा चढतो आणि लेखक लेखणी खाली ठेवतो.

लढ्याचा इतिहास लढ्यापाशी थांबावा, यात इतिहासकाराचा दोष नाही. अनंत भालेरावांनी १९८७ साली ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा मोठा ग्रंथ दिला, तो लढ्यात स्वतः उतरलेल्या माणसाने लिहिलेला आहे, आणि त्याचे मोल वादातीत आहे. पण राज्य उलथले म्हणजे समाज बदलला असे नव्हे. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कुळकायदा आला, १९५२ साली प्रौढ मतदान झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा. चौदा वर्षांत निजामाची रयत नागरिक झाली! ही यादी पाठ करायला सोपी आहे. तिचा अर्थ गावातल्या एका घरात काय झाला, हे सांगणे कठीण. आणि ते सांगण्याचे काम ललित लेखकाचे.

ते काम या जिल्ह्याने केलेले आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली आली, तेव्हा त्यांचे काटगाव उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर वेगळे झाले ते १९८२ साली. एका खेडेगावातल्या शिंप्याच्या संसाराची ही वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. कादंबरीत भाषणे नाहीत, झेंडे नाहीत. परंतु गावातली सत्ता कोणाकडे आहे आणि तिच्यापुढे हातावर पोट असलेल्या कारागिराची किंमत काय, हे वाचकाला पानोपानी कळत जाते. ही निवेदक बाई शहाणपणाचा आव आणत नाही. जेवढे दिसते तेवढेच बोलते. ग्रामीण साहित्याच्या नावाखाली गावरान विनोदाचे जे पीक आपल्याकडे आले, त्याच्याशेजारी ही कादंबरी ठेवून पाहावी.

कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा तर त्याहून थेट आहे. बापलेक टोमॅटो घेऊन बाजाराला जातात, भाव पडत पडत मातीमोल होतो आणि बाप आपल्याच मालावर उभा राहून तो पायांनी तुडवतो. बघता बघता लाल चिखल होतो. या शेतकऱ्याला मत आहे. जहागीरदार त्याच्या उरावर नाही. तरी तो संतापतो कोणावर? समोर कोणी दिसतच नाही. जुन्या अमलात जुलमाला तोंड होते, नाव होते. नव्या अमलातला अन्याय बिनचेहऱ्याचा, आणि म्हणूनच बाप स्वतःचाच माल तुडवतो. लोकशाहीवरचे कितीएक निबंध वाचून जे उमजत नाही, ते ही छोटी कथा मुलाच्या डोळ्यांनी दाखवते.

मात्र एक पान या कथाकादंबऱ्यांनीही फारसे उघडलेले नाही. विजयानंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमान वस्तीवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस केली. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. आकड्यांविषयी वाद आहेत. घटना घडली याविषयी नाही. अहवाल मात्र कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. अभ्यासकांना तो सरळ पाहता येऊ लागला २०१३ च्या सुमारास.

रझाकारांनी ज्यांचे घर जाळले, त्यांच्या दुःखाला यामुळे उणेपणा येत नाही. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. पण जानेवारी २०२० मध्ये याच शहरात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, २०२३ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नावे बदलताना उत्साह असतो, तसा मागचे पान वाचताना धीरही असावा, ही अपेक्षा साहित्याकडून करायची नाही तर कोणाकडून?

आणि त्या पानावर नुसते क्रौर्यच आहे असेही नाही. समितीने नोंदवले आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवले, त्यासाठी प्रसंगी स्वतःचा जीवही गमावला. एका धंद्यातल्या माणसांचा जिव्हाळा धर्मापेक्षा वरचढ ठरला. कादंबरीकाराने याहून मोठे द्रव्य कोणते शोधावे? बोराड्यांना शिंप्याच्या बायकोचा आवाज सापडला तो घराघरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीत. विणकराच्या घरची गोष्ट लिहायची तर त्या मराठीला शेजारची दखनीही लागेल. आणि ती ज्याला उंबऱ्यावर बसून ऐकलेली आहे, असाच कोणी ती लिहू शकेल.