धम्माला दुर्बिणीचा दाखला कशाला?

विश्वरचनेविषयी एखादा नवा शोध जाहीर झाला की आपल्या व्याख्यानांतून व पुस्तिकांतून एक वाक्य हमखास येते : हे तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते! सूक्ष्म कण क्षणोक्षणी बदलतात, म्हणून अनिच्च सिद्ध झाले. विश्व प्रसरण पावते, म्हणून अग्गञ्ञसुत्तातील संवट्ट-विवट्ट खरे ठरले. श्रद्धेपोटी केल्या जाणाऱ्या या विधानांची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. कारण त्यांनी विज्ञानाचे काही बिघडत नाही, धम्माचे मात्र बिघडते.

प्रथम कणविज्ञानाचे उदाहरण घेऊ. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेने प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट वस्तुमान असलेला एक नवा कण सापडल्याचे जाहीर केले. हाच हिग्ज बोसॉन. लिऑन लेडरमन यांच्या १९९३ मधील पुस्तकाच्या नावावरून वृत्तपत्रांनी त्याला ‘ईश्वरकण’ म्हटले. ईश्वराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सर्नच्या आवारात भारत सरकारने भेट दिलेली नटराजाची मूर्ती २००४ पासून उभी आहे. तिच्या आधारे आधुनिक विज्ञानाचे मूळ प्राचीन पुराणांत शोधणाऱ्यांना आपण हसतो. परंतु नटराजाच्या जागी अनिच्च ठेवल्याने युक्तिवादाची जात बदलते काय?

या युक्तिवादातील धोका डॉ. जयंत नारळीकर यांच्या संशोधनावरून स्पष्ट होतो. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन पावलेल्या या शास्त्रज्ञाने आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासमवेत महास्फोटाच्या सिद्धान्ताला आयुष्यभर आव्हान दिले. १९६५ मध्ये विश्वातील सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध लागला आणि मूळ स्थिर-स्थिती सिद्धान्ताची बाजू लंगडी पडली. पुढे १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज व नारळीकर यांनी तो सुधारून मांडला. त्यात विश्व आलटून पालटून प्रसरण व आकुंचन पावते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. आता संवट्ट-विवट्टाची सांगड आपण कोणत्या सिद्धान्ताशी घालणार? महास्फोटाशी की नारळीकरांच्या चक्राशी? ज्या सिद्धान्ताशी घालू तो उद्या निरीक्षणाने खोटा ठरला, तर सुत्तही खोटे ठरले असे मानावयाचे काय? विज्ञानाचे सिद्धान्त बदलतात, हेच त्याचे सामर्थ्य होय. त्या बदलत्या खुंटीला धम्म टांगणे शहाणपणाचे नाही. विश्व शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, हे प्रश्न तथागतांनी अव्याकत ठेवले. चूळमालुंक्यसुत्तातील बाण लागलेल्या माणसाला प्रथम शल्यवैद्य हवा असतो.

येथे आक्षेप घेतला जाईल की, धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, असे बाबासाहेबांनीच १९५० मधील बुद्ध व त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावरील निबंधात प्रतिपादिले नाही काय? प्रतिपादिले आहे. पण त्या विधानाची दिशा पाहावी. तेथे बुद्धी ही परीक्षक आहे आणि धर्म हा परीक्षार्थी. आपण मात्र परीक्षकाच्याच संशोधनाचे श्रेय परीक्षार्थ्याला देऊन मोकळे होतो. बुद्धीशी विसंगत ते टाकावे, ही बाबासाहेबांची कसोटी. विज्ञानाने शोधलेले सारे आमच्या ग्रंथांत होतेच, ही कसोटी नव्हे, ती पुराणिकांची जुनी सवय आहे.

मग या संशोधनातून घ्यावयाचे काय? त्याचा संयम. सर्नमध्ये ॲटलास व सीएमएस हे दोन स्वतंत्र गट एकाच निष्कर्षाला आले आणि निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी उरली, तेव्हाच शोध जाहीर झाला. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. जून २०२३ मध्ये नारायणगावजवळच्या खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांच्या रेडिओ दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांची जी निरीक्षणे केली होती, त्यांतून व युरोपातील निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्या. तरीही शास्त्रज्ञांनी ‘पुरावा’ एवढाच शब्द वापरला. ‘शोध’ म्हणण्याइतकी खात्री अद्याप नव्हती. आपल्या व्यासपीठांवर शब्दांचा असा काटकसरीने वापर किती होतो?

हाच काटा नारळीकरांनी घराघरातल्या अंधश्रद्धेलाही लावला. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थी व १०० मतिमंद मुले यांच्या पत्रिकांतून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच सांगावयाचे होते. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवूनही ५० टक्के येतात. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. चाचणीचे उत्तर मात्र कोणाला खोडता आलेले नाही.

आणि धम्माचा संबंध असेल तर तो येथे आहे. ग्रहणांची व ग्रहनक्षत्रांची भाकिते सांगून उपजीविका करणे ही तिरच्छानविज्जा होय. ब्रह्मजालसुत्त श्रमणाला तिच्यापासून दूर ठेवते. नीराकाठच्या शिरवळ परिसरात ज्यांनी डोंगर खोदून लेणी केली, त्या भिक्खुसंघाचा हा नियम होता. आज त्याच परिसरातील एखादा उपासक विहारात हिग्ज कणाचे गोडवे गातो आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी गुपचूप पत्रिका दाखवून येतो. अशा वेळी त्याने विज्ञान घेतले नाही आणि धम्मही घेतला नाही.

यापुढे विहारात शास्त्रज्ञांना अवश्य बोलवावे. पण त्यांच्याकडून तथागतांसाठी प्रमाणपत्र मागू नये. पडताळा कसा घ्यावा, एवढेच त्यांच्याकडून शिकावे आणि तो आपल्या घरापासून घ्यावा.