क्षणजीवी नादाचे वाद्य: गिब्सन एफ-5 मँडोलिनच्या गुणवत्तेचा विचार

तंतुवाद्याच्या गुणवत्तेची चर्चा आपल्याकडे बहुधा नादाच्या दीर्घतेपाशी येऊन थांबते. मिरजेचा तंबोरा चांगला का, याचे उत्तर त्याची जवारी किती वेळ आणि किती भरून बोलते यात शोधले जाते. सतारीच्या तरफा, सारंगीचा गज ही सारी स्वर टिकवून धरण्याची साधने होत. या निकषावर मँडोलिन मुळातच उणे ठरते. तारेची कंप पावणारी लांबी अवघी 35 सेंटिमीटरच्या आसपास. ती पिकने छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. मग उत्तम मँडोलिनचे उत्तमपण नेमके कशात, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा राहत नाही.

मँडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात आणि त्यांची जुळणी व्हायोलिनप्रमाणेच पंचमाच्या अंतराने केली जाते. जोडीतील दोन तारा एकाच स्वरात मिळवल्या तरी त्यांत अगदी सूक्ष्म फरक उरतोच; या वाद्याचा परिचित झळाळ त्या फरकातून येतो. अठराव्या शतकात नेपल्समध्ये विनाच्चिया घराण्याने घडवलेली मँडोलिने लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेल्या फुगीर पाठीची होती. मोझार्टने 1787 च्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात प्रेमगीताच्या साथीला हेच वाद्य योजले. स्वर टिकत नाही, या अडचणीवर वादकांनी काढलेला तोडगा म्हणजे ट्रेमोलो: पिक अतिशय जलद खालीवर चालवून अखंड स्वराचा आभास निर्माण करणे. सतारीच्या झाल्याशी त्याचे साम्य वरवरचे आहे. झाल्यात लय पुढे येते, ट्रेमोलोत आघात लपवावे लागतात.

अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन याने या रचनेला वेगळे वळण दिले. व्हायोलिनप्रमाणे तबली आणि पाठ अखंड लाकडातून कोरून काढण्याच्या त्याच्या पद्धतीला 1898 मध्ये पेटंट मिळाले; 1902 मध्ये मिशिगनमधील कॅलमझू येथे त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. 1919 ते 1924 या काळात तेथे काम करणारा लॉइड लोअर हा स्वतः वादक आणि ध्वनिशास्त्राचा जाणकार. त्याच्या देखरेखीखाली 1922 मध्ये एफ-5 हे मॉडेल आले. स्प्रूसची तबली, मेपलची पाठ, गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रे, तबलीच्या आतून बसवलेल्या दोन लांबट पट्ट्या आणि पेटीपासून अधिक मोकळी सुटलेली मान, ही त्याची वैशिष्ट्ये. मान पुढे गेल्यामुळे घोडी तबलीच्या मध्याजवळ आली. परिणाम असा झाला की स्वराचा आरंभ धारदार झाला, जलद तानेतही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येऊ लागला आणि नाद सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचू लागला. मात्र गोल छिद्राच्या जुन्या गिब्सन मँडोलिनांतील मऊ, रेंगाळणारी गोलाई तीत उरली नाही. लोअरने स्वराचे आयुष्य वाढवले नाही. त्याचा आरंभ आणि शेवट रेखीव केला.

हे वाद्य घडवले गेले ते मँडोलिन वाद्यवृंदांसाठी आणि अभिजात संगीताच्या मैफलीसाठी. पण 1920 च्या दशकात त्या वृंदांची लाट ओसरत होती. एफ-5 ला अपेक्षित ग्राहक मिळाले नाहीत आणि 1924 अखेर लोअर कंपनीतून बाहेर पडला. पुढे 1940 च्या दशकात बिल मन्रो या केंटकीच्या गायक-वादकाला मायामीतील एका केशकर्तनालयात 1923 चे एक एफ-5 विक्रीला दिसले. त्या वाद्यावर ब्लूग्रास या संगीतप्रकाराचा घाट बराचसा घडला. ब्लूग्रासमध्ये तालवाद्य नसते. ते काम मँडोलिनकडे येते: मात्रेच्या उत्तरार्धात तारा छेडून बोटांची पकड तत्क्षणी सैल करायची आणि नाद तोडून टाकायचा. या ‘चॉप’साठी रेंगाळणारा स्वर अडथळाच असतो. मैफलीसाठी घडवलेल्या वाद्याचा कोरडा, खणखणीत आघात त्याच्या निर्मात्याने कल्पिलेही नसेल अशा संगीतात सार्थ ठरला.

लोअरची सही असलेल्या वाद्यांभोवती आज जे वलय आहे ते या इतिहासाशी पूर्णपणे जुळत नाही. एक तर लोअर स्वतः लाकूड कोरणारा कारागीर नव्हता; सहीमागचे हात कारखान्यातील अनामिकांचे आहेत. दुसरे असे की, एफ-5 ची ओळख बनलेली खांद्यावरची कोरीव वेलांटी कारागिराचा पुष्कळ वेळ घेते, पण नादात तिचे योगदान नगण्यच मानावे लागते. ती डोळ्यांसाठी आहे, आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. लोअरच्या सहीचे, वेलांटी नसलेले 1923 चे एक ए-5 मँडोलिनही उपलब्ध आहे आणि जाणकार त्याला कमी लेखत नाहीत.

मन्रोने आपल्या वाद्याला या भक्तिभावाने कधी वागवले नाही. दुरुस्तीवरून कंपनीशी बिनसल्यावर त्याने वाद्याच्या माथ्यावरचे ‘गिब्सन’ हे नाव चाकूने खरवडून काढले होते. 1985 मध्ये कोणा घुसखोराने त्याच्या घरात शिरून ते वाद्य फोडले. चार्ली डेरिंग्टन या गिब्सनच्या कारागिराने ढलप्या न ढलप्या जुळवून ते पुन्हा उभे केले आणि मन्रो ते वाजवत राहिला. लाकडाच्या वयात आणि वार्निशात नादाचे गूढ शोधणाऱ्यांना या घटनेचा विचार करावाच लागेल.

आणि तरीही एफ-5 ला सार्वत्रिक आदर्श मानता येत नाही. आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे जन्मलेल्या यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी कर्नाटक संगीत मँडोलिनवर आणले तेव्हा त्यांची अडचण नेमकी उलट होती. गमकासाठी तार पडद्यावरून ओढावी लागते. जोडतार ओढताना दोन्ही तारा एकाच प्रमाणात ताणल्या गेल्या नाहीत तर स्वर फाटतो, आणि नाद लवकर विरला तर गमकाचे वळण पूर्ण होण्याआधीच स्वर संपतो. श्रीनिवास यांनी जोड्या टाकून एकेरी तारा घेतल्या, खर्जाच्या बाजूला पाचवी तार जोडली आणि विजेवर चालणारे वाद्य स्वीकारले. लोअरने ज्या पेटीवर आणि तबलीवर सारे कौशल्य वेचले, ती येथे जवळजवळ अनावश्यक ठरली. जोडतारांचा झळाळही गेला. उरली ती तोकडी मान, जवळजवळ बसलेले पडदे आणि पिकचा आघात. एवढ्यावर आलापनेची संथ वळणे त्यांनी पेलली.