शिडी कुणाची?

आमच्या घरी एक पोरगी फॉर्म घेऊन आली. कॉलेजची. कागदावर शिडी काढलेली, दहा पायऱ्यांची. आईला म्हणाली, मावशी, सगळ्यात वर पैसा, शिक्षण, चांगली नोकरीवाले. सगळ्यात खाली ज्यांच्याकडं यातलं काही धड नाही ते. तुम्ही कुठं? फुली मारा.

आईनं चष्मा पुसला. "कंच्या गावची शिडी म्हनायची ही? हितली का आमच्या गावची?"

पोरगी गप्प. तसा रकानाच नव्हता. शेवटी तिनंच पाचव्या पायरीवर फुली मारली.

ही शिडी अमेरिकेतली. 2000 साली नॅन्सी ॲडलर आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरून दाखवलं की माणूस स्वतःला कुठं समजतो याचा त्याच्या तब्येतीशी संबंध असतो. काम फालतू नाही. नुसता पगार विचारून हे कळत नाही, कबूल. पण शिडी म्हटली की पाय उचलला की वर, हे आधीच धरून चाललेलं! बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजले, जिना नाही. तिथं आईनं फुली कुठं मारायची? मी बँकेत चिकटलो म्हणून शहरात पाचवी पायरी. गावात तिची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. ह्या दोन्हीची काय सरासरी काढणार?

त्यापेक्षा 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणातला प्रश्न मला धारदार वाटतो. घरं 42 हजारांवर. आधी विचारलं, घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणाले त्यांना पुढं विचारलं, अनुसूचित जातीचा माणूस स्वयंपाकघरात आला, भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे 27 टक्के घरं सापडली. म्हणजे चारातलं एक तरी. तेही तोंडावर कबूल करणारं. विषमता मोजायची तर शिडीवरच्या माणसाला 'तू कुठं' विचारून भागत नाही, दार अडवून उभा आहे त्याला चुलीपाशी गाठावं लागतं. आणि विचारणाराचं आडनाव काय, यावरही उत्तर फिरतं. विद्वानांनी एकदा आडनावं बदलून फॉर्म भरून बघावेत.

पोरगी निघाली तेव्हा आई म्हणाली, बस, चहा टाकते. ती म्हणाली, नको मावशी, उशीर झाला.

झालाही असेल.