ऋण आणि चारित्र्य : एका शासकीय संहितेचे अर्थवाचन

शासकीय संहितांची भाषा साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरची मानण्याचा प्रघात आहे. तथापि जिच्या एकेका क्रियापदावर मनुष्याची उपजीविका अवलंबून असते, त्या भाषेचे परीक्षण अभ्यासकाने टाळणे उचित नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शासनाची गोपनीय माहिती हाताळण्यास कोण पात्र, हे ठरविणारी तेरा निकषांची एक संहिता ८ जून २०१७ पासून अमलात आली. तिच्यातील सहावा निकष व्यक्तीच्या आर्थिक व्यवहारांविषयीचा आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच विचारार्थ घेतला आहे.

या निकषाचे आरंभीचे विधान असे : ऐपतीबाहेर राहणे व कर्ज न फेडणे यांतून संयमाचा अभाव, सदोष विवेक किंवा नियम पाळण्याची अनिच्छा सूचित होऊ शकते, आणि त्यामुळे व्यक्तीच्या विश्वासार्हतेविषयी प्रश्न उद्भवू शकतात. येथील दोन्ही क्रियापदे शक्यार्थक आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. कर्ज हे चिन्ह व चारित्र्य हा त्याचा अर्थ, अशी ही मांडणी होय. परंतु धूमावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर त्या दोहोंची व्याप्ती सिद्ध असावी लागते. कर्ज आणि अविश्वास यांत तशी व्याप्ती नाही.

संहिताकारांना याची जाणीव नाही असे नाही. नोकरी जाणे, आकस्मिक आजार, घटस्फोट, कुटुंबातील मृत्यू, सावकारी पिळवणूक, यांमुळे झालेले कर्ज क्षम्य ठरू शकते. मात्र त्या स्थितीत व्यक्ती जबाबदारीने वागली असली पाहिजे. प्रामाणिकपणे फेड सुरू केली असल्यास तेही जमेस धरले जाते. किती डॉलरांचे कर्ज अपात्र ठरविते, याचा आकडा मात्र कोठेही नाही. म्हणजे प्रश्न गणिताचा नसून अर्थनिर्णयाचा आहे. असे असता फेडण्याची असमर्थता आणि फेडण्याची अनिच्छा ही दोन्ही दोषांच्या यादीत एकाच पंक्तीस बसविली आहेत, हे खटकते.

खरा पेच पुढेच आहे. शासकीय कंत्राटदारांच्या नोकरांच्या प्रकरणांत, वस्तुस्थिती सिद्ध झाली की, तिचा खुलासा करण्याचे ओझे अर्जदारावर येते. आणि शंकेचा लाभ राष्ट्राच्या सुरक्षिततेस मिळतो. १९८८ साली नौदल खाते विरुद्ध ईगन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, चूक व्हावयाचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी, हेच तत्त्व मान्य केले. परिणामी मूळ वाक्यातील ‘असू शकते’ हे, खुलासा अपुरा पडताच, व्यवहारात ‘आहे’ असे वाचले जाते.

यावर ऑल्ड्रिच एम्सचे उदाहरण पुढे केले जाईल. मध्यवर्ती गुप्तहेर संस्थेच्या या अधिकाऱ्याने १९८५ साली कर्जाच्या ओढीत सोव्हिएत हेरखात्यास रहस्ये विकली, हे खरे. परंतु १९८९ साली त्याने ५,४०,००० डॉलरांचे घर रोखीने घेतले, आणि अटक झाली ती १९९४ साली. त्या मधल्या वर्षांत दिसणारे चिन्ह कर्जाचे नव्हते, अकस्मात आलेल्या संपत्तीचे होते. तेही चिन्ह या निकषात आहे, ही त्याची जमेची बाजू.

मराठीत ‘पत’ हा एकच शब्द सावकाराचा विश्वास आणि लौकिक असे दोन्ही अर्थ वाहतो. बोलीत हे चालते. न्यायनिर्णयात ते दोन अर्थ वेगळे ठेवणे अवश्य आहे. सावकाराकडील पत गेलेला मनुष्य राष्ट्राच्या विश्वासासही मुकला, असे मानण्यास स्वतंत्र पुरावा हवा.