पत्ता बदलला, पण पाटी कुठे आहे?

शासन निर्णयाची छापील प्रत कोणत्याही शाळेच्या फायलीत सापडते. तिच्या शेवटी एक ठरावीक मजकूर असतो. हा निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ठेवला आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे, असे त्यात सांगितलेले असते. संकेतांक १८ आकडी असतो. त्याचे पहिले ८ अंक नीट पाहिले तर साल, महिना आणि दिवस वाचता येतात. बहुतेक वेळा आपण ही ओळ न वाचताच पान उलटतो. या लेखात आम्ही तिच्याकडेच पाहणार आहोत, आणि एका जुन्या टिपणाशी ती ताडून बघणार आहोत.

हे टिपण टिम बर्नर्स-ली यांचे आहे. वेबची कल्पना त्यांनी १९८९ साली सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. १९९८ साली त्यांनी 'कूल यूआरआयज डोन्ट चेंज' हे टिपण लिहिले. त्याचा मथितार्थ असा : वेबवरचा चांगला पत्ता कायम टिकतो. तो मोडला तर दोष तंत्राचा नसतो, पुढचा विचार न करणाऱ्या व्यवस्थापकाचा असतो. म्हणून पत्त्यात लवकर बदलणाऱ्या गोष्टी घालू नयेत. लेखकाचे नाव, विषयाची वर्गवारी, कोणती आज्ञावली वापरली, फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे सारे पत्त्याबाहेर ठेवावे. मजकूर तयार झाल्याची तारीख मात्र बदलत नाही, म्हणून ती चालते.

या कसोटीवर आपला शासन निर्णय कसा उतरतो? संकेतांकात तारीख आहे, म्हणजे तो भाग उत्तम. पण फाइलचा पूर्ण पत्ता असा होता : महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन, पुढे 'साइट', 'अपलोड', 'गव्हर्नमेंट रिझोल्यूशन्स', 'मराठी' असे एकात एक फोल्डर, आणि शेवटी संकेतांक व पीडीएफ हे शेपूट. 'अपलोड' हा शब्द वाचकासाठी नाही, कचेरीच्या सोयीसाठी आहे. पुढे शासन निर्णयांचा हा विभाग 'जीआर' या स्वतंत्र सबडोमेनवर आला, म्हणजे मूळ नावाच्या आधी 'जीआर डॉट' लागले. फोल्डरमध्ये राहणारे बिऱ्हाड स्वतंत्र घरात गेले असे म्हणा ना! मग जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाचे काय करायचे?

यासाठी सर्व्हरवर नियम लिहिता येतात. अपाची या सर्व्हरसाठी असे नियम पाळणारा भाग राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली लिहिला, तेव्हापासून ही सोय सर्वांना खुली आहे. तिचे तत्त्व एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, बीड जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 'तालुका' नावाचा फोल्डर आहे. त्यात 'पाटोदा', आणि त्यात 'टंचाई' हे पान आहे. आता प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र सबडोमेन द्यायचे ठरले. तेव्हा नियम असा लिहायचा : पत्त्यात 'तालुका' या शब्दानंतर पुढच्या तिरप्या रेघेपर्यंत जे असेल त्याला क्ष म्हणा. त्यानंतरच्या उरलेल्या भागाला य म्हणा. आता 'क्ष डॉट बीड डॉट जीओव्ही डॉट इन' असे लिहून पुढे य जोडा. बीजगणितातल्या सूत्रासारखेच हे आहे. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत ११ तालुक्यांना ११ नियम लागत नाहीत, एक पुरतो.

सर्व्हर हा नवा पत्ता आपल्या ब्राउझरला कळवतो आणि सोबत एक क्रमांक देतो. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. त्यामुळे चुकीचा ३०१ दिला तर नियम सुधारल्यानंतरही काही वाचक चुकीच्याच ठिकाणी जात राहतात. म्हणून आधी ३०२ देऊन तपासावे, मग ३०१ करावा. दुसरी अडचण चक्राची. नवे सबडोमेन आतून त्याच जुन्या फोल्डरला जोडलेले असेल, तर सर्व्हर फोल्डरकडून सबडोमेनकडे आणि सबडोमेनकडून पुन्हा फोल्डरकडे पाठवत बसतो. यावर उपाय म्हणजे अट घालणे : वाचकाने मूळ मुख्य नावानेच विचारणा केली असेल तरच नियम लावा.

हे सारे तंत्र दोन-चार ओळींचे आहे. तरीही मोडके पत्ते इतके का भेटतात? येथे बर्नर्स-ली यांच्या टिपणावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की, त्या टिपणात पत्ता न बदलण्यावर जेवढा भर आहे, तेवढा बदललेला पत्ता सांभाळण्यावर नाही. आपल्याकडे तर नावेच बदलतात. निजामाच्या काळातल्या कागदांत अंबाजोगाई मोमिनाबाद या नावाने भेटते. १९८१ साली जालना आणि १९८२ साली लातूर हे नवे जिल्हे झाले. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. अंबाजोगाई जिल्ह्याची मागणीही बरीच जुनी आहे. ती मान्य झाली तर वरच्या उदाहरणातले कितीतरी पत्ते एका दिवसात जुने होतील. हे बदल लोकांच्या व शासनाच्या निर्णयाने होतात, त्यात संगणक विभागाचा आळस नसतो. अशा ठिकाणी 'पत्ता बदलू नका' हा उपदेश अपुरा आहे. 'बदला, पण जुन्या दारावर पाटी लावा' हा खरा उपदेश. माजलगाव धरणात गावे बुडाली, त्यांचे पुनर्वसन झाले. जुन्या गावाच्या नावाने आलेले पत्र नव्या वसाहतीत पोचायचे, तर दोन्ही नावे जाणणारा पोस्टमन हवाच.

दुसरा आक्षेप : जुने नावच बंद केले तर कोणताही नियम उपयोगी पडत नाही. बीड जिल्ह्याचे संकेतस्थळ पूर्वी 'बीड डॉट एनआयसी डॉट इन' होते, पुढे ते 'बीड डॉट जीओव्ही डॉट इन' झाले. नियम सर्व्हरवर असतो. जुने नाव नावांच्या यादीतून काढले की वाचक त्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, मग पाटी वाचणार कोण? म्हणजे जुने नाव जिवंत ठेवण्यासाठी दरवर्षी थोडी तजवीज करावी लागते. हा प्रश्न हुशारीचा नाही, जबाबदारीचा आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे. सर्व्हरच्या नोंदीत सगळे सुरळीत दिसते. वाचक मात्र दाखला मागायला आला आणि त्याला कचेरीच्या फाटकाशी सोडले, असे होते. पान खरेच काढून टाकले असेल तर ४१० हा क्रमांक देऊन तसे सांगणे अधिक प्रामाणिक.

शिक्षकांना याचे काय, असे कोणी विचारील. सेवाज्येष्ठता, वेतन, संचमान्यता यांबद्दलचे अर्ज शासन निर्णयाच्या आधारावर उभे असतात. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या शिक्षकाने अर्जात दिलेला पत्ता उघडला नाही, तर निर्णय रद्द होत नाही. पण तो सिद्ध करायला हेलपाटे पडतात. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार कार्यालयांनी न मागताही बरीच माहिती प्रसिद्ध करायची आहे. प्रसिद्ध केलेले कागद न सापडण्याजोगे झाले, तर कायद्याचा हेतूच हरवतो.

एवढ्यात त्या १८ अंकांचे महत्त्व ध्यानात येईल. फोल्डर गेला, सबडोमेन आले, तरी संकेतांक तोच राहतो आणि त्यावरून निर्णय शोधता येतो. बर्नर्स-ली यांना हवा असलेला टिकाऊ पत्ता आपल्या कागदाच्या तळाशी छापलेला आहे. उणीव इतकीच की तो शोधपेटीत टाकावा लागतो, थेट पत्ता म्हणून चालत नाही. ती एका नियमाने भरून काढता येईल : संकेतांक हा क्ष, आणि पुढचे वाचकांनीच पुरे करावे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करवून घ्या. शाळेच्या फायलीतून वेबचा पत्ता छापलेले १० जुने कागद काढा. प्रत्येक पत्ता जसाच्या तसा टाइप करा आणि चार रकाने भरा : तेच पान उघडले, नव्या पत्त्यावर तेच पान मिळाले, मुखपृष्ठावर सोडले, काहीच मिळाले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातली यादी संबंधित कार्यालयाला पत्राने कळवा. पत्रात फक्त तक्रार नको. जुन्या पत्त्यावरून नवा पत्ता मिळवण्याचा नियम विद्यार्थ्यांना सापडला असेल, तर तोही सोबत जोडा.