चंबूतला रंग, पेल्यातले पाणी

2023 साली मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई येकिमोव यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हापासून क्वांटम ठिपक्यांवर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. मांडणी बहुधा ठरलेली असते : रंगीत द्रवांचे चंबू, ‘कण लहान तर रंग निळा, मोठा तर लाल’ हे सूत्र, आणि शेवटी ‘हे कण शरीरातील कर्करोग दाखवतात’ हे वाक्य. सूत्र बरोबर आहे. पण त्यापासून या वाक्यापर्यंतची वाट लेखक एका उडीत ओलांडतात. खरे विज्ञान त्या वाटेवरच आहे.

बदलापूर-अंबरनाथच्या शिक्षकांना ती वर्गातच दाखवता येईल. बारवी धरणाचे पेलाभर पाणी घ्या, त्यात तेलाचे थेंब टाका. तेल तरंगते. बावेंडी यांच्या 1993 सालच्या पद्धतीने कॅडमियम सेलेनाइडचे कण तप्त, तेलकट द्रावकात तयार होतात. त्यांच्या पृष्ठभागावरही तेलकट रेणू असतात. ते पाण्यात मिसळत नाहीत, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. आता साबण घालून ढवळा. थेंब फुटून पसरतात. बहुवारिकाचे वेष्टण असेच काम करते : तेलाशी जुळणारा भाग कणाकडे, पाण्याशी जुळणारा बाहेर. साबणाचा रेणू मात्र सहज सुटतो. बहुवारिकाची लांब साखळी अनेक ठिकाणी धरून राहते.

2004 साली शुमिंग नी यांच्या गटाने असे वेष्टित कण गाठीपर्यंत पोचवले, पण उंदरांच्या. हा शब्द गाळला की लेखाची जाहिरात होते.

त्याच वर्षी दुसऱ्या गटाला दिसले, की हवा किंवा अतिनील प्रकाश लागून कणांतून कॅडमियम सुटले तर यकृताच्या पेशी मरतात. वेष्टणाने हा धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. 2007 साली कळले, की सुमारे 5.5 नॅनोमीटरहून मोठे कण मूत्रपिंडातून सहज बाहेर पडत नाहीत. वेष्टणाने तर कण मोठाच होतो. जे कणाला सुरक्षित करते, तेच त्याला शरीरात अडकवते! पुढे कॅडमियम नसलेल्या सिलिकाच्या कणांचा शोध का घेतला गेला, हे या पेचातून उमगते.

वालधुनीच्या काठी वाढलेला विद्यार्थी विचारील, “सर, यातले कॅडमियम शेवटी जाते कुठे?” रंगीत चंबूंच्या लेखाला हा प्रश्न पडतच नाही. विद्यार्थ्याला पडावा, असे आपण शिकवले पाहिजे.