एडिटर चांगला आहे, पण कोणाच्या लॅपटॉपवर?

अमरावती-अकोल्यात वेब डेव्हलपमेंट शिकायला बसलेल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न एचटीएमएलबद्दल क्वचितच असतो. ‘कोणता एडिटर टाकू?’ हा असतो. उत्तरही ठरलेलं: व्हीएस कोड. उत्तर चुकीचं नाही, पण ते देताना समोरच्याकडे कोणतं मशीन आहे, हे कोणी विचारत नाही.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली हा एडिटर आणला. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रामिंग शिकलेल्या पिढीला तो चैनच वाटावा असा आहे. पैसे लागत नाहीत. नव्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पानाचा सांगाडा तयार. टर्मिनल आत, गिटची सोय आत.

आता किंमत बघू. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे एडिटरसोबत क्रोमियम ब्राउझरही पोटात येतो. चार जीबी रॅमच्या सेकंडहँड लॅपटॉपवर हा, शेजारी क्रोमचे आठ टॅब आणि त्यातल्या एकावर ट्यूटोरियल, एवढं झालं की मशीन बसतं. त्यात व्हिडिओवाले ‘ही पंधरा एक्स्टेन्शन टाकाच’ म्हणतात. पोरगं म्हणतं, ‘कोडिंग आपल्याले जमत नाही गा.’ अडलेली असते रॅम, आणि शंका येते स्वतःच्या डोक्यावर. या सल्ल्यांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसऱ्या टोकाला विमचे भक्त. ब्रॅम मूलनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला विम जुन्या मशीनवरही पळतो, हे खरं. पण अकोल्याच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राची मराठी वेबसाइट त्यात लिहून बघा. विममध्ये ‘जे’ दाबलं की कर्सर एक ओळ खाली जातो. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर असेल तर तीच कळ ‘र’ देते, आणि कर्सर जागचा हलत नाही. प्रत्येक वाक्यानंतर भाषा बदला, हलवा, परत बदला. विमच्या कीमॅप सेटिंगनं यातून वाट निघते, पण ती नवशिक्याला कोणी दाखवत नाही. वरून टर्मिनलच्या सारख्या मापाच्या चौकटींत जोडाक्षरं विस्कटतात. इंग्रजी कोडसाठी उत्तम असलेलं साधन मराठी मजकुराला अडखळतं, हे त्याच्या कौतुकात येत नाही.

आणि ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याचं काय? अँड्रॉइडवर एकोडसारखा मोफत, ओपन सोर्स एडिटर आहे. फोनच्या कीबोर्डवर कोनी कंस शोधताना बोटं दुखतात. एकोडमध्ये खाली वेगळ्या कळांची पट्टी मिळते. मोठा प्रोजेक्ट त्यात कोणी करू नये. पण एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची ओळख होईपर्यंत तो पुरतो. ‘लॅपटॉप घेतल्यावर शिकू’ म्हणत वर्ष घालवण्यापेक्षा तर नक्कीच बरा.

एडिटर कायमचे नसतात, हेही लक्षात असू द्या. इलेक्ट्रॉन मुळात गिटहबच्या अ‍ॅटम या एडिटरसाठी जन्मलं. २०१८ साली मायक्रोसॉफ्टनं गिटहब घेतलं आणि १५ डिसेंबर २०२२ ला अ‍ॅटम बंद झाला. ज्याला फक्त अ‍ॅटमची बटणं येत होती, त्याला पुन्हा शिकावं लागलं. ज्याला फाइलचा पाथ, टर्मिनल आणि एरर वाचता येत होती, त्यानं दोन दिवसांत घर बदललं.

म्हणून माझा कौल असा. आठ जीबी रॅम असेल तर व्हीएस कोड घ्या, पण पहिला महिना एक्स्टेन्शन टाकू नका आणि सेटिंगमध्ये जाऊन आपोआप येणाऱ्या सूचना बंद ठेवा. चार जीबी असेल तर नोटपॅड प्लस प्लस किंवा जीनी, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. फोनच असेल तर एकोड. पुण्याच्या मुलाखतीत कोऱ्या पडद्यावर फंक्शन लिहायला सांगतात, तेव्हा सुचवायला कोणी नसतं. महिनाभर प्रत्येक ओळ स्वतः टाइप केलेल्या पोरीला तिथं घाम फुटत नाही, मग ती ओळ फोनवर टाइप केलेली का असेना.